वायफाय जरूर घ्या, पण घरातली तार तोडू नका

दुकानात बसणाऱ्या माणसाला हल्ली एक नवा प्रश्न विचारला जातो. "मुलगा म्हणतो, घरातल्या इंटरनेटच्या तारा काढून टाका आणि सगळे वायफायवर घ्या. त्याला ऑनलाइन गेम खेळायचा असतो. करावे का?" विचारणारे कोणी कापडवाले, कोणी शिवणकाम करणारे, कोणी फर्निचरचे कारागीर. बहुतेकांचे दुकान खाली आणि घर वर. म्हणजे ज्या जोडणीवर मुलाचा खेळ चालतो, तिच्यावरच दुकानाचे बिल निघते, जीएसटीचे विवरण जाते, आखातातल्या भावाशी बोलणे होते आणि गल्ल्यावर पैसे आल्याचा निरोपही येतो. तेव्हा हा पोरांच्या खेळाचा प्रश्न म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो धंद्याचाही प्रश्न आहे.

मी इंजिनियर नाही, कापड विकतो. परंतु या बाबतीत पैसे घालवून जे शिकलो, ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

रमजानच्या शेवटच्या अशऱ्यातली गोष्ट

आमच्याकडे इंटरनेटचे यंत्र, म्हणजे राउटर, खाली गल्ल्याजवळ होते. तेथून एक तार जिन्यावरून मुलाच्या खोलीतल्या संगणकाला गेली होती. घराला रंग काढला तेव्हा ती तार भिंतीवर वाईट दिसते म्हणून काढून टाकली. दुकानातले बिलाचे संगणक, वरचा संगणक, टीव्ही, सगळ्यांचे फोन आणि नवे बसवलेले दोन कॅमेरे, सगळे वायफायवर घेतले. भिंती स्वच्छ झाल्या. काही दिवस बरे गेले.

पुढे रमजानचा शेवटचा अशरा आला. ईदची खरेदी तरावीहनंतर रंगते, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. दुकानात गर्दी असताना बिल अडकू लागले. गिऱ्हाईक फोनवरून पैसे पाठवी, त्याच्या पडद्यावर हिरवी खूण येई, पण माझ्या फोनवर निरोप येत नसे. एक जुने गिऱ्हाईक, वयाने माझ्याहून मोठे, पाच मिनिटे उभे राहिले आणि म्हणाले, "भाई, इतक्या वर्षांत आमच्यावर भरवसा नाही का?" आणि कापड तसेच ठेवून निघून गेले. ते गेले आणि निरोप आला. पैसे केव्हाच जमा झाले होते.

त्या रात्री मी मुलावर फार रागावलो. रमजानच्या रात्री खेळतोस आणि तुझ्या खेळापायी माझे दुकान अडते, असे बोललो. तो म्हणाला, "अब्बा, माझा गेमपण अडकतोय. मी तर बंद करून बसलोय." मला ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन करून चौपट वेगाचा महागडा प्लॅन घेतला. फरक काहीच पडला नाही.

शेवटी मुलानेच तपासून दाखवले की दोष त्याचाही नव्हता आणि कंपनीचाही नव्हता. दोष आमच्या चार भिंतींच्या आत होता. तो कसा, हे समजण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

वेग वेगळा, विलंब वेगळा

इंटरनेटची कंपनी जो वेग विकते, पन्नास, शंभर, दोनशे एमबीपीएस, तो म्हणजे एका ट्रकमध्ये किती गाठी मावतात याचा हिशेब. परंतु इचलकरंजीहून निघालेली गाठ रत्नागिरीला किती तासांत पोचते, हा हिशेब निराळा. दहा टनांचा ट्रक घेतला म्हणून तो आंबा घाट लवकर उतरत नाही. या पोचण्याच्या वेळेला विलंब म्हणतात. मुले त्याला "पिंग" म्हणतात. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात.

सिनेमा पाहायला गाठींचे काम असते. माल थोडा आधी येऊन गोडाऊनमध्ये पडून राहिला तरी चालते. गेममध्ये मात्र गाठी नसतातच. तेथे पोस्टकार्डे जातात. खेळणारा कोठे उभा आहे, कोणीकडे वळला, एवढेच लिहिलेली छोटी कार्डे, सेकंदाला वीस, तीस, कधी साठ. तासभर खेळले तरी साधारण शंभर एमबीच्या आसपास, अनेकदा त्याहून कमीच डेटा लागतो. चांगल्या दर्जाचा सिनेमा तेवढ्या वेळात एक ते तीन जीबी घेतो. म्हणून गेमसाठी मोठा प्लॅन घेणे म्हणजे पोस्टकार्ड पाठवायला ट्रक भाड्याने घेणे.

पण प्रत्येक कार्ड वेळेवर पोचलेच पाहिजे. उशिरा आलेले कार्ड रद्दीत जाते. वीस ते चाळीस मिलिसेकंद विलंब असेल तर खेळ सुरळीत चालतो. शंभरच्या पुढे गेला की हाताला जाणवतो. त्याहून वाईट म्हणजे कधी वीस तर कधी तीनशे असा लहरी विलंब. आपल्याला हे नवीन नाही. जो ट्रान्सपोर्टवाला माल नेमाने दोन दिवसांत देतो त्याच्याशी धंदा होतो. जो कधी एक दिवसात देतो आणि कधी पाच दिवस लावतो, त्याच्यावर सणाचा माल टाकता येत नाही. पैशाचा निरोप हेही एक पोस्टकार्डच आहे. म्हणूनच मुलाचा खेळ आणि माझा गल्ला एकाच वेळी अडकले.

हा विलंब अंतरामुळे होतो म्हणावे, तर तसेही नाही. काचेच्या तंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. रत्नागिरी ते मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर धरले, तर जाऊन येण्याला चारच मिलिसेकंदांच्या आत वेळ लागतो. मग बाकीचा वेळ कोठे जातो? त्यातला बराचसा आपल्या घरातच जाऊ शकतो.

हवेत एका वेळी एकच बोलतो

तार ही खासगी रस्त्यासारखी असते. या टोकाला राउटर आणि त्या टोकाला एक यंत्र. दोघे एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकतात, मध्ये तिसरा येत नाही. घरातली तार सहसा एक मिलिसेकंदही घेत नाही आणि रोज तेवढाच वेळ घेते.

वायफाय म्हणजे रेडिओ. तेथे एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असा नियम आहे. प्रत्येक यंत्र आधी कान देते, कोणी बोलत असेल तर थांबते, मग थोडा वेळ सोडून बोलते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते आणि पुन्हा बोलावे लागते. चार माणसांच्या बैठकीत हा शिष्टाचार छान चालतो. चाळीस माणसे बसली की प्रत्येकाची पाळी लांबते. त्यात एखादा जुना फोन सावकाश बोलणारा असला, तर सगळ्यांना त्याच्यासाठी थांबावे लागते.

वायफायसाठी दोन पट्टे नेहमी वापरात असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला पट्टा भारत सरकारने २००५ साली परवान्यातून मोकळा केला, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ साली. म्हणून राउटर लावायला लायसन लागत नाही. पण मोकळ्या जागेवर पथारी मांडणाऱ्याला शेजारच्या पथारीबद्दल तक्रार करता येत नाही, तसेच येथे आहे. शेजाऱ्याचे वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्हची भट्टी, सगळे २.४ च्या पट्ट्यात गर्दी करतात. त्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. दाट मोहल्ल्यात पंधरा घरांची वायफाय असतील तर तीन रस्त्यांवर पंधरा घरांची वर्दळ होणारच. ५ गिगाहर्ट्झमध्ये वाहिन्या पुष्कळ आणि गर्दी कमी, पण तो पट्टा भिंतीपुढे लवकर हरतो.

आणि भिंती कोणत्या, तर आपल्या कोकणातल्या. जांभ्या चिऱ्याची जाड भिंत रेडिओलहरींना चांगलीच अडवते. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीहून जास्त अडवते. वरच्या मजल्याचा लोखंडी सळ्यांचा स्लॅब, स्टीलचे कपाट, मोठा आरसा, दुकानाचे शटर, हेही तसेच. कापडाच्या कोरड्या ताग्यांनी मात्र फारसे अडत नाही, ते ज्या लोखंडी मांडणीवर असतात तिने अडते.

दोष कोठे आहे ते आधी मोजा

मुलाने मला जी तपासणी करून दाखवली, ती कोणीही करू शकतो. तिला एक पैसा लागत नाही. प्लॅन वाढवण्याआधी, नवा राउटर घेण्याआधी आणि घरात कोणावर रागावण्याआधी ती करावी.

राउटरच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. संगणकाच्या काळ्या कमांड खिडकीत इंग्रजी अक्षरांत "पिंग" लिहून एक जागा सोडावी आणि हा पत्ता टाकावा. राउटरपर्यंत जाऊन यायला किती मिलिसेकंद लागले ते ओळीने दिसते. मग तसेच बाहेरच्या एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचे नाव टाकून पाहावे. एकदा घर शांत असताना आणि एकदा गर्दीच्या वेळी.

राउटरपर्यंतच आकडे उड्या मारत असतील, तर दोष घरातला, म्हणजे वायफायचा. राउटरपर्यंत एक-दोन-तीन असे स्थिर आकडे आणि पुढे मात्र मोठे, तर दोष बाहेरच्या जोडणीचा, किंवा ती जोडणी आपणच तुडुंब भरली आहे. कंपनीकडे तक्रार करताना हे दोन्ही आकडे हातात असले, की समोरचा माणूसही नीट ऐकतो.

आमच्याकडे राउटरपर्यंतच आकडा तीनशेवर जात होता. कारण दोन कॅमेरे रात्रंदिवस चित्रे वायफायवरून पाठवत होते, तीही २.४ च्या पट्ट्यात. त्यात चिऱ्याची भिंत. आणि ईदच्या दिवसांत घरात पाहुण्यांचे आठ-दहा फोन जास्त. चौपट वेगाचा प्लॅन या भिंतीच्या आत काय करणार? ट्रक मोठा झाला, घाट तोच राहिला.

आम्ही काय केले

नियम साधा आहे. जी यंत्रे जागेवरून हलत नाहीत, ती तारेवर ठेवावीत. जी हलतात, ती वायफायवर. बिलाचे संगणक, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर, टीव्ही आणि मुलाचा गेमचा संगणक ही न हलणारी. फोन आणि लॅपटॉप ही हलणारी. न हलणारी यंत्रे हवेतून उतरवली, की फोनवरचा खेळही आपोआप सुधारतो, कारण बैठकीत बोलणारे कमी होतात. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या मोठ्या ई-स्पोर्ट्स सामन्यांतही यंत्रे तारेनेच जोडलेली असतात.

दुकानातून वर एकच तार नेली, या वेळी पाइपमधून. वर तिला छोटा स्विच आणि दुसरे वायफाय यंत्र जोडले. त्यामुळे वर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंत न ओलांडता मिळतो. बाजारात वायफाय लांबवणारे जे स्वस्त एक्स्टेंडर मिळतात, ते तेच बोलणे हवेत दुसऱ्यांदा बोलतात. त्यामुळे टप्पा वाढतो, पण वेग निम्म्यावर येऊ शकतो आणि विलंब वाढतो. मेश म्हणून जे दोन-तीन यंत्रांचे जोड येतात ते चांगले, पण त्यांनाही आपसांत तारेने जोडता आले तर सर्वांत उत्तम.

आता बिलाच्या संगणकावर राउटरपर्यंतचा आकडा एकवर स्थिर असतो, आणि मी पुन्हा जुन्या स्वस्त प्लॅनवर आलो आहे.

तार घेताना कापडवाल्याची नजर ठेवा

सुती म्हणून मिक्स कापड गळ्यात मारणारे असतात, तसे तारेतही आहे. कॅट-सिक्स नावाची तार घरासाठी पुरेशी आहे, ती शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग सहज नेते. परंतु स्वस्त तारेत पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. चाकूने तार खरवडावी. आतून पांढरी निघाली तर परत करावी. शुद्ध तांबे आतपर्यंत तांबडे असते.

आपल्या खाऱ्या हवेत तारेचे जोड हिरवे पडतात, म्हणून टोकाची जोडणी भिंतीतल्या बंद खोक्यात घ्यावी. विजेच्या तारा ज्या पाइपातून जातात त्यातून ही तार नेऊ नये. घर बांधत असाल तर प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप घालून ठेवा. गिलावा झाल्यावर भिंत फोडण्याचा खर्च तारेच्या कितीतरी पट होतो.

घर एका बाजूला आणि दुकान रस्त्याच्या पलीकडे असेल तर मध्ये तांब्याची तार उघड्यावर टाकू नका. मृगाआधीच्या वळवात आणि पावसाच्या परतीला विजा पडतात, तेव्हा ती तार दोन्हीकडची यंत्रे घेऊन जाते. तेथे काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची जोडणी करावी. कडकडाट सुरू झाला की राउटरचा प्लग काढणे हा सर्वांत स्वस्त विमा. वीज जाण्याच्या वेळेसाठी राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो दुकानदाराने जरूर ठेवावा.

जी यंत्रे तारेवर घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी राउटर घराच्या मध्यावर आणि उंचावर ठेवावा, कपाटात बंद करू नये. कॅमेरे बाहेर चित्रे पाठवत असतील तर त्यांचा दर्जा थोडा उतरवावा. राउटरमध्ये अग्रक्रम लावण्याची सोय असेल तर बिलाच्या संगणकाला पहिला क्रमांक द्यावा. गेमचे मोठे अपडेट कित्येक जीबींचे असतात, ते दुकान बंद झाल्यावर उतरवून घ्यायला मुलांना सांगावे.

कुलूप लावायला विसरू नका

तारेला कुलूप लागत नाही, कारण ती घरातच असते. वायफाय रस्त्यावरही पोचते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीची ई-मेल पाठवली गेली. तपासात तिचा माग नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या जोडणीपर्यंत गेला. त्यांच्या वायफायचा दुसऱ्याच कोणी गैरवापर केल्याचे पुढे आले. पण चौकशी आधी त्यांच्या दारी आली. जोडणी ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. हे आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा राउटरबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सुरक्षेच्या पर्यायात डब्ल्यूपीए-टू किंवा डब्ल्यूपीए-थ्री निवडावे. गिऱ्हाईक आणि पाहुणे यांच्यासाठी "गेस्ट" म्हणून वेगळे वायफाय चालू करता येते, ते त्यांना द्यावे. ज्या जाळ्यावर बिलाचे संगणक आहे, त्याचा पासवर्ड दुकानात भिंतीवर लिहून ठेवू नये.

खेळ आणि जुगार

काही बंधू विचारतील, मुलांच्या खेळासाठी एवढा खटाटोप कशाला? खेळ आजच्या मुलांच्या जगात आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांमध्ये ई-स्पोर्ट्सला पदके होती. आमच्या वेळी कॅरम होता, त्यातही रात्री जात. वेळेची मर्यादा घालणे हे आईबापाचे काम आहे. राउटरमध्ये अमुक यंत्राला अमुक वाजेपर्यंतच नेट अशी सोय बहुधा असते. तिचा उपयोग करावा, पण मुलाला सांगून करावा.

मात्र पैसे लावून खेळणे ही निराळी गोष्ट. सूरह माइदाने शराबबरोबर जुगारही मना केला आहे, तेथे मोबाइलवरचा जुगार म्हणून सवलत नाही. देशाचा कायदाही आता तेच म्हणतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैशाचे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि बँकांनी असे व्यवहार करू नयेत अशी तरतूद आहे. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली. मुलाच्या फोनवर कोणता खेळ आहे, एवढे पाहायला बापाला फार इंग्रजी लागत नाही.

शेवटी हिशेब असा. तार काढून वायफायवर जाण्यात भिंतीची शोभा आहे, पण न हलणाऱ्या यंत्रांना तार आणि हलणाऱ्यांना वायफाय यातच नफा आहे. वाढीव प्लॅनवर मी जे पैसे घालवले ते गेले. ज्या गिऱ्हाइकाने कापड ठेवून दिले, त्यांच्या घरी ते कापड त्याच रात्री माझ्या मुलानेच स्कूटरवरून पोचवले आणि माझ्या वतीने माफी मागितली. त्याची माफी मात्र मी आठवड्यानंतर मागितली, तपासणी करून घेतल्यावर. आधी मोजले असते, तर तेही आधीच झाले असते.